‘पोलीस कारवाई’ आणि मराठवाड्याचे आकाश



मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या निमित्ताने नांदेड-लातूरकडे १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांचा जो इतिहास सांगितला जातो, तो जवळजवळ सगळा जमिनीवरचा असतो. आकाशात काय चालले होते याचा उल्लेख त्यात क्वचितच सापडतो, आणि त्यामुळे त्या लढ्याचे स्वरूपच चुकीचे समजते. निजामाच्या हैदराबाद संस्थानाविरुद्धच्या ‘ऑपरेशन पोलो’ या भारतीय लष्करी मोहिमेला ‘पोलीस कारवाई’ म्हणणे ही त्या वेळची राजनैतिक गरज होती, कारण हैदराबादने आपली तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे नेली होती. परंतु २० मिलिमीटरच्या चार तोफा बसवलेली टेम्पेस्ट लढाऊ विमाने पोलिसांची नसतात, आणि पाऊणशे वर्षांनंतरही अभ्यासकांनी तेच नाव वापरत राहावे याला काही कारण उरलेले नाही.

या आकाशाचा पहिला उपयोग निजामाच्या बाजूने झाला. भारताची आर्थिक नाकेबंदी चालू असताना सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून लँकास्ट्रियन विमानांतून, म्हणजे महायुद्धातील लँकास्टर या चार इंजिनांच्या बाँबफेकी विमानापासून बनवलेल्या वाहतुकीच्या विमानांतून, रात्रीच्या अंधारात हैदराबादला शस्त्रे पोचवत होता, आणि ती विमाने ज्या धावपट्ट्यांवर उतरत त्यांत बिदरची एक होती. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे आजच्या लातूर जिल्ह्यातले तालुके तेव्हा बिदर जिल्ह्यातच होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही शस्त्रे मराठी गावांच्या किती उशाशी उतरत होती ते कळते.

सोलापूरकडून निघालेल्या मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या सैन्याने पहिल्याच दिवशी नळदुर्गचा पूल शाबूत स्थितीत ताब्यात घेतला. पण खरी कसोटी उमरग्यापासून पुढे राजेश्वरच्या वाटेवर होती. भाद्रपदातली काळी जमीन भिजली की तिच्यात चाक रुतते, त्यामुळे लष्करी वाहनांना सडक सोडता येत नाही, आणि सडकेला बांधलेल्या सैन्यासाठी दबा धरून बसणे शत्रूला सोपे जाते. या वाटेवरचे दबे आधी टेहळणी विमानांनी हेरले आणि मग टेम्पेस्टच्या तुकड्यांनी त्यांच्यावर हल्ले चढवले. मोहीम पाच दिवसांत आटोपली, तिची कारणे शोधताना हे हल्ले वगळता येत नाहीत.

जमिनीवरच्या लढाईचा निकाल आकाशावरही अवलंबून असतो, हा नियम वाळवंटातल्या युद्धांत अधिक उघडा दिसतो, कारण तिथे आडोसाच नसतो. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवाला येथे पायदळाच्या एका कंपनीने रात्रभर ठाणे धरून ठेवले आणि उजाडताच जैसलमेरच्या हंटर विमानांनी, वरून संरक्षण नसलेल्या पाकिस्तानी रणगाड्यांची वाताहत केली. पायदळाचे धैर्य आणि विमानांचा मारा यांपैकी एकच सांगितला तर ती लढाई अर्धीच कळते. उलट १९९१ च्या आखाती युद्धात इराकजवळ विमानवेधी तोफा आणि क्षेपणास्त्रे होती म्हणून हवाई प्रभुत्व, म्हणजे आकाशात आपल्याला हवे तेव्हा हवे तिथे वावरण्याची क्षमता, मिळवूनही मित्रराष्ट्रांनी अनेक विमाने गमावली, आणि खालून उडत धावपट्ट्यांवर हल्ले करणाऱ्या ब्रिटिश टोर्नेडोंना पहिल्याच आठवड्यात आपली पद्धत बदलावी लागली. हैदराबादजवळ अशी लढाऊ विमानेही नव्हती आणि तसा विमानवेधी बंदोबस्तही नव्हता, ही विषमता प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे.

विमानांना श्रेय दिले तर सत्याग्रहींचे आणि सरहद्दीवरच्या सशस्त्र कॅम्पांचे श्रेय कमी होईल, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकणारा नाही. १९४८ च्या जानेवारीत उमरीची बँक लुटणाऱ्या नांदेडकडील कार्यकर्त्यांच्या मागे कोणतेही विमान नव्हते, आणि त्यांनी व त्यांच्यासारख्यांनी निजामी सत्तेचा दरारा आधीच मोडला होता. सैन्य आले ते त्यानंतर. शिवाय कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड आणि बिदरमध्ये निरपराध मुसलमानांची जी कत्तल झाली, जिची नोंद सुंदरलाल समितीने केली, तीही ‘पोलीस कारवाई’ या सौम्य शब्दाच्या आड गेली आहे.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाची स्थापनाच १७ सप्टेंबर १९९४ ची आहे, तेव्हा हा अभ्यास तिथूनच सुरू व्हावा हे सर्वार्थाने उचित ठरेल. हवाई दलाच्या त्या काळच्या नोंदी तपासाव्यात, बिदर ते उमरगा या पट्ट्यातील हल्ल्यांच्या जागा नकाशावर आणाव्यात, आणि ज्यांनी लहानपणी ती विमाने डोक्यावरून जाताना पाहिली, त्या आज ऐंशी ओलांडलेल्या माणसांच्या आठवणी याच वर्षी ध्वनिमुद्रित कराव्यात.

— एक वाचक, लातूर