पाय मोकळे करायला

गेल्या मार्चमध्ये लेकीकडे पुण्याला जायचं होतं. रेल्वेची वेटिंग लिस्ट शेवटपर्यंत हलली नाही, म्हणून रात्रीच्या बसची सीट घेतली. नागपूरच्या बैद्यनाथ चौकातून संध्याकाळी सहाला निघाले. साडेनऊला गाडी जेवणासाठी थांबली, पण शेजारच्या बाई गाढ झोपल्या होत्या. त्यांना उठवायचं जिवावर आलं आणि मी खिडकीशी बसूनच डब्यातल्या दशम्या खाल्ल्या. रात्री दीडला मात्र राहवेना. चालत्या गाडीत सीटांना धरत पुढे गेले, क्लीनरला विचारलं. तो म्हणाला, "काकू, आता गाडी थेट नगरलेच थांबन जी." मी परत येऊन बसले. सकाळी आठला पुण्यात उतरताना डावी चप्पल पायात जाईना.

पाय सुजणं मला नवं नव्हतं. पण उजव्या पायाची सूज संध्याकाळपर्यंत उतरली, डाव्याची उतरली नाही. तिसऱ्या दिवशी पोटरी दाबली की कळ येऊ लागली, हाताला ती गरम लागायला लागली. लेक हट्टानंच डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉपलर सोनोग्राफीत पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली. तीन महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागल्या. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला होता, किती तास बसून होतात? चौदा तास. त्यात मी एकदाच उठले होते, ते क्लीनरला विचारायला.

पोटरी काय काम करते हे मला साठाव्या वर्षी कळलं. हृदय रक्त पायांपर्यंत पोचवतं, पण ते परत वर चढवायला पोटरीचे स्नायू लागतात. पाऊल उचललं की हे स्नायू आवळतात, आतल्या शिरा पिळल्या जातात, रक्त वर सरकतं आणि शिरांमधल्या झडपा त्याला पुन्हा खाली येऊ देत नाहीत. आपण तासन्‌तास पाय खाली सोडून बसलो की हा पंप थांबतो. रक्त घोट्यांपाशी साचतं. बहुतेकांची सूज रात्री आडवं झाल्यावर उतरते. काहींच्या शिरेत मात्र गुठळी धरते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो.

ही गोष्ट जगाला विमानांमुळे कळली असं मी समजत होते. तसं नाही. १९४० साली लंडनवर जर्मन बॉम्ब पडत होते तेव्हा लोक आसऱ्याच्या जागी कापडी आरामखुर्च्यांत बसून रात्री काढत. फुप्फुसात गुठळी जाऊन मरणारी माणसं तिथं वाढली आहेत, हे कीथ सिम्पसन या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडलं. खुर्चीच्या पुढच्या दांडीनं मांडीखालच्या शिरा रात्रभर दाबल्या जात होत्या. उपाय साधा होता, झोपायला बाकं द्या. पुढे २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेनं प्रवास आणि गुठळ्या यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. विमान असो, रेल्वे, बस की मोटार, चार तास किंवा त्याहून अधिक बसून राहिलं की धोका साधारण दुप्पट होतो, असं त्यात आहे. धडधाकट माणसाच्या बाबतीत तो सहा हजारांत एक एवढाच, म्हणून घाबरून प्रवास सोडायचं कारण नाही. पण चार तास हा आकडा मी तेव्हापासून विसरलेले नाही. नागपूरहून बसनं निघालं तर अकोल्याच्या आसपासच चार तास होतात. मुंबई-पुणे तिथून कुठल्या कुठे राहतं.

आम्हा विदर्भातल्या लोकांना हे लांबचं बसणं चुकलेलं नाही. मंत्रालयातलं काम, मुलांची कॉलेजं, नोकऱ्या, आता नातवंडं, सगळं तिकडे. पण पूर्वीच्या प्रवासात उतरणं होतं. अमरावतीला जाणारी एसटी बाजारगाव, कोंढाळी, कारंजा, तळेगाव, तिवसा, मोझरी अशी थांबत जायची. दर स्टँडवर कोणी तरी खाली उतरून चहा घ्यायचं, कोणी रसवंतीपर्यंत जाऊन यायचं. रेल्वेनं गेलं तर बडनेऱ्याला गिला वडा, शेगावला कचोरी, भुसावळला केळी. माणसं पुडा आणायला धावत आणि पाय मोकळे होत. आज नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, जून २०२५ मध्ये तो शेवटपर्यंत सुरू झाला. तास वाचले, याचा आनंद आहेच. पण हा रस्ता गावांना बाजूला ठेवून जातो. गाडी एकदा वर चढली की तासन्‌तास एकाच वेगानं धावत राहते, आणि आत बसलेला माणूस तसाच बसलेला राहतो. वाचलेल्या तासांतली वीस मिनिटं थांबण्यासाठी ठेवली असती तर कोणाचं काय बिघडलं असतं, हे मला कळत नाही.

आता पाण्याबद्दल, कारण ते बायकांनाच सांगायचं आहे. प्रवासाच्या दिवशी पाणी तोडणं हे आपल्याकडे आईकडून मुलीकडे आलेलं पथ्य आहे. 'गाडीत कुठं जायचं?' एवढ्या एका प्रश्नापायी दुपारनंतर घोटभरच पाणी प्यायचं, आणि मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना तेवढ्यावर रात्र काढायची. मार्चमधल्या त्या प्रवासात मीही पाणी तोडलं होतं. शरीरातलं पाणी कमी झालं की पायात गोळे येतात, डोकं धरतं, बद्धकोष्ठ होतं, लघवीची जळजळ सुरू होते. ज्या बाईला मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे वारंवार जावं लागतं तिनं काय करायचं? बस थांबते तिथं दाराला कडी नसलेली, पाणी नसलेली, कधी दिवाही नसलेली जागा असते. पुरुष रस्त्याच्या कडेला उभे राहतात. बाईनं न पिण्याचा मार्ग काढला आहे आणि त्याची किंमत ती दुखण्यानं मोजते. स्वच्छतागृह नीट नसेल तिथं गाडी उभी करूच नये, इतकं हे महत्त्वाचं आहे.

यंदा आईला पुण्याला न्यायचं ठरलं. ती ब्याऐंशीची आहे. ऑगस्ट २०२५ पासून नागपूरच्या अजनी स्टेशनहून पुण्याला वंदे भारत जाते. ८८१ किलोमीटर, साधारण बारा तास, आणि गाडीत सगळ्या खुर्च्याच. बर्थ नाही म्हणून मी आधी कचरत होते. मग माझ्या फिजिओथेरपिस्ट बाईंना विचारलं. त्यांनी आईला बसल्या जागी करायचा व्यायाम समजावला. टाच टेकवून चवडा वर, मग चवडा टेकवून टाच वर, दर अर्ध्या तासाला वीस-पंचवीस वेळा. आईनं दोनदा करून पाहिलं आणि म्हणाली, "ही तर माझी मशीन आहे."

नागपूरच्या महाल भागातल्या घरी आईनं तीस वर्षं पायडलची शिलाई मशीन चालवली. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश. दिवसाचे आठ-आठ तास ती बसलेली असायची आणि तिचे पाय कधी सुजले नाहीत. घोट्यातून पाय खाली-वर होत असे, पोटरी चालू असे. वंदे भारतमध्ये वर्ध्याच्या पुढे तिनं चपला काढल्या आणि मशीन सुरू केली. मी कडेची सीट मुद्दाम तिच्यासाठी घेतली होती. दर तासाला तिला उठवून डब्याच्या टोकापर्यंत न्यायची. गाडीची दारं आपोआप मिटतात आणि थांबे थोडक्याच वेळाचे असतात, म्हणून फलाटावर उतरायचं धाडस केलं नाही. पण मधली वाट मोकळी होती, धरायला खुर्च्यांच्या पाठी होत्या, शौचालय स्वच्छ होतं. कमरेमागे टॉवेलची गुंडाळी, पायाशी एकही पिशवी नाही, साडीऐवजी सैल गाऊन-ओढणी. सोबत सोललेली संत्री आणि ताक. पुण्यात ती स्वतःच्या पायांनी फलाटावर उतरली आणि तिच्या चपला तिला नीट आल्या.

पायाशी सामान ठेवण्याबद्दल थोडं अधिक सांगते. आपल्याला चोरीची भीती वाटते, म्हणून सगळी पोतडी पायात घेऊन बसतो आणि गुडघे रात्रभर एकाच कोनात अडकतात. पैसे आणि कागद अंगाशी ठेवावेत, बाकी सामान वर किंवा डिकीत जाऊ द्यावं. तसंच रेल्वेचं तिकीट काढताना वय खरं घालावं. साठ वर्षांवरचे पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरच्या बायका यांना जागा असेल तर खालचा बर्थ आपोआप मिळण्याची सोय आहे. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे, आणि ती परत यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेत मुलांकडे जाणारे आईवडील विमानतळावर व्हीलचेअर घेतात. गुडघ्यापेक्षा तिथल्या प्रश्नोत्तरांची धास्ती मोठी असते, हे मी ओळखीच्या घरांत पाहिलंय. घ्यावी, त्यात संकोच नको. पण पंधरा तासांच्या उड्डाणाआधी दोन तास आणि नंतर दोन तास त्याच खुर्चीत काढू नयेत. ढकलणाऱ्या मुलाला सांगून मध्येच उठावं, चार पावलं टाकावीत.

मला खरी काळजी वाटते ती नागपुरातून उपचार घेऊन परत जाणाऱ्यांची. बालाघाट, शिवनी, छिंदवाडा, गडचिरोली, चंद्रपूर, राजनांदगाव, सगळीकडून रुग्ण इथं येतात. गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन, कॅन्सरचे उपचार, अवघड बाळंतपण. सुट्टी मिळाली की भाड्याच्या जीपमध्ये दोन माणसांच्या मधे बसून पाच-सहा तास घरी. गुठळी होण्याचा धोका नेमका याच लोकांना सर्वांत जास्त असतो, आणि बाळंतिणीला तो पुढचे सहा आठवडे असतो. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची यादी असते. घरी किती तासांचा रस्ता आहे आणि वाटेत किती वेळा उतरायचं, हेही त्यावर लिहिलं जावं. नातेवाइकांनी ते विचारून घ्यावं. घट्ट मोजे म्हणजे कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज उपयोगी पडतात, पण मधुमेह असेल किंवा पायाच्या धमन्यांत दोष असेल तर त्यांनी इजा होऊ शकते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच वापरावेत. ॲस्पिरिन तर मनानं घेऊच नये. प्रवासानंतर एकच पाय सुजला, पोटरी दुखायला लागली, तर माझ्यासारखे तीन दिवस वाट पाहू नका. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर तसंच उठून दवाखाना गाठा.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात ड्रायव्हरला सलग पाच तासांहून जास्त काम देता येत नव्हतं, मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावीच लागे. ती योग्यच होती. सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ला मध्यरात्रीनंतर समृद्धीवर नागपूरहून पुण्याला निघालेल्या बसच्या अपघातात पंचवीस माणसं गेली, त्यानंतर तर नागपुरात कोणाला या विश्रांतीचं महत्त्व सांगायला नको. पण बसमध्ये दोन ड्रायव्हर असले की ते आळीपाळीनं विसावतात, आणि मागच्या चाळीस माणसांच्या पायांचा हिशेब कोणी ठेवत नाही.

म्हणून वाचकांना विनंती आहे. रात्रीच्या बसचं तिकीट काढताना भाडं आणि एसी विचारता, तसंच गाडी किती ठिकाणी थांबते आणि तिथं बायकांसाठी नीट जागा आहे का, हेही विचारा. खिडकीवर विचारा, फोनवर विचारा, प्रत्येक वेळी विचारा. आणि गाडी थांबली की शेजारची झोपलेली असली तरी तिला उठवा, आणि दोघी खाली उतरा.