जुना पाना घ्या, जुना पंप घेऊ नका



मागच्या ऑक्टोबर छाटणीनंतरची गोष्ट. घड बाहेर पडत होते, रात्री पाऊस झालेला, सकाळी पानं ओली. अशा दिवशी डाऊनीची फवारणी लांबवायची नसते हे द्राक्षवाल्याला सांगावं लागत नाही. शेजारच्या बागेत ब्लोअर सुरू केला आणि बेअरिंग ओरडायला लागलं. नवं बेअरिंग घरात होतं. जुनं काढायला पुलर नव्हता. छिन्नी लावून हातोडीनं ठोकलं, शाफ्टचं टोक पसरलं, मग नवं बेअरिंगही बसेना. तालुक्यावरनं मिस्त्री आला दुपारी चारला. तोवर फवारणीची वेळ गेली. पुढं आठवड्यानं घडांवर काय दिसलं ते लिहीत नाही, ज्यानं बघितलंय त्याला माहीत आहे.

त्याच्या शेडमध्ये महागाची औषधं होती. ट्रॅक्टर होता, ब्लोअर होता. दोन पायांचा पुलर नव्हता, जो मी भंगारात दोनशे रुपयांना घेतलाय.

आपण लाखाचं यंत्र घेतो आणि ते खोलायचं हत्यार घेत नाही. नवं घ्यायला गेलं की किंमत बघून मागं फिरतो. माझं मत स्पष्ट आहे: हातानं चालवायची हत्यारं जुनी घ्यावीत, निवडून घ्यावीत, आणि काही वस्तू कितीही स्वस्त मिळाल्या तरी जुन्या घेऊ नयेत. दोन्ही नीट सांगतो.

मिळतात कुठं

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, तो बऱ्याच जणांना माहीत आहे. पण तेवढ्यासाठी पुण्याला जायची गरज नाही. तालुक्याच्या भंगारवाल्याकडं महिन्यातनं एक चक्कर मारा. इचलकरंजीकडं माग मोडीत निघाले की त्याबरोबर फिटरची हत्यारंही निघतात. गॅरेज बंद पडतं, वर्कशॉपची वाटणी होते, एखादा मिस्त्री थकतो, तेव्हा पेटीच्या पेटी विकायला येते. भंगारवाल्याला आधी सांगून ठेवा, "पाने, वाइस, पुलर आलं तर वजनावर घालू नको, मला फोन कर." त्याला किलोच्या भावापेक्षा चार पैसे जास्त मिळतात, आपल्याला नव्याच्या निम्म्यापेक्षा कमी पडतं.

बघायचं काय

गंज बघून घाबरू नका. वरचा गंज जातो. लिंबाचं सत्त्व किराणा दुकानात मिळतं. लिटरभर पाण्यात पन्नास ते शंभर ग्रॅम टाकून पाना रात्रभर ठेवा, सकाळी ब्रशनं घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळा, उन्हात कडक वाळवा आणि लगेच तेलाचा हात फिरवा. दोन-दोन दिवस मात्र ठेवू नका, चांगलं लोखंड खायला लागतं.

गंजापेक्षा हे बघा:

फिक्स पान्याचं तोंड पसरलंय का? नवा नट खिशात ठेवा आणि तिथंच लावून बघा. पान्यावर हातोडीचे घाव असतील तर तो पाना आधीच्या मालकानं घणासारखा वापरलाय, सोडून द्या. 'क्रोम व्हॅनेडियम' असं कोरलेलं असेल आणि कडा शाबूत असतील तर घ्या.

पक्कड मिटून उजेडाकडं धरा. कापायच्या दोन धारांमधनं उजेड दिसत असेल तर ती तार कापणार नाही.

छिन्नीचं डोकं फुलासारखं पसरलेलं असेल तर घाव घालताना त्याचा कपचा उडतो आणि डोळ्यात जातो. घ्यायचीच तर आधी ग्राइंडरवर डोकं साफ करून मगच वापरा.

वाइसचं आणि पुलीचं बीड फुटलेलं असतं आणि वरनं रंग दिलेला असतो. नाण्यानं टिचकी मारा. अखंड बीड खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. वाइसचा आटा शेवटपर्यंत फिरवून बघा, निम्म्यावर सोपा आणि पुढं सैल असेल तर आटा झिजलाय.

कानस जुनी घ्यायची नाही, दात गेलेले असतात. पण लोहाराला द्यायला घ्या, तिचा उत्तम चाकू होतो. तसंच ट्रकचा पाटा. विळा, कुऱ्हाड करायला त्या लोखंडाला तोड नाही.

इंच आणि मिलिमीटर

इथं बरेच जण फसतात. जुन्या ट्रॅक्टरवर इंची बोल्ट असतात, नव्यावर मिलिमीटर, आणि दुरुस्त्या होऊन होऊन एकाच ट्रॅक्टरवर दोन्ही सापडतात. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी, तिथं १९ चा पाना चालून जातो. पाच अष्टमांश म्हणजे १५.८८, तिथं १६ चालतो. पण अर्धा इंच १२.७ आहे, त्याला १३ नंबर लावून जोर दिला की बोल्टाचे कोपरे गोल होतात. एकदा कोपरे गेले की छिन्नी आली, आणि छिन्नी आली की खर्च आला.

जुन्या डिझेल इंजिनाच्या पान्यांवर कधी कधी डब्ल्यू असतो, तो व्हिटवर्थ. त्यावरचा आकडा बोल्टाच्या जाडीचा असतो, पान्याच्या तोंडाचा नसतो. म्हणून आकड्यावर जाऊ नका, व्हर्नियर नाहीतर आपला नट-बोल्ट बरोबर न्या. तुमच्याकडं जुनं इंजिन असेल तर हे पाने दिसतील तेव्हा घ्या, नव्या दुकानात सहज मिळत नाहीत.

काय घ्यायचं नाही

पहिलं, जुना फवारणी पंप. आधीच्या मालकानं त्यातनं काय मारलं हे तुम्हाला माहीत नसतं, बऱ्याचदा त्यालाही आठवत नसतं. ऊस किंवा ज्वारीत टू-फोर-डी मारलेला पंप द्राक्षात, कापसात, टोमॅटोत, वांग्यात आला तर उरलेला अंशसुद्धा पानं वाकडी करतो. साध्या पाण्यानं दोनदा धुतलं म्हणजे झालं असं नाही, औषध रबराच्या नळीत आणि वायसरमध्ये मुरलेलं असतं. पंप पाचशेला मिळाला आणि प्लॉट गेला, तर स्वस्त काय पडलं? आपल्या घरीही तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा आणि त्याला लाल पट्टी मारा.

दुसरं, ज्यावर जीव टांगायचा ते. हायड्रॉलिक जॅक, चेन ब्लॉक, वायररोप, शिडी. चेन ब्लॉकच्या हुकाचं तोंड उघडलेलं किंवा कडी लांबलेली असेल तर तो कधी सुटेल सांगता येत नाही. जॅकचा वायसर भार आल्यावरच हात सोडतो. आणि जॅक नवा असला तरी ट्रॅक्टरखाली जाताना लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जाऊ नका. गार्ड नसलेला ग्राइंडरही याच यादीत.

तिसरं, छाटणीची कात्री. ही घ्या, पण डाळिंबाच्या भागातनं आली असेल तर तेल्या बरोबर येऊ शकतो. सगळी खोलून साफ करा, सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा, धुऊन वाळवून तेल द्या, मगच बागेत न्या. खरं तर हे प्रत्येक कात्रीला लागू आहे.

चौथं, आणि यावर मला जरा कडक बोलायचंय: केबल, तांब्याची तार, स्टार्टर, मोटर. रात्री विहिरीवरनं केबल कापून नेतात, सकाळी पाण्याची पाळी असलेला माणूस डोक्याला हात लावून बसतो. ती केबल जाते कुठं? कुणीतरी घेतं म्हणूनच चोरी होते. "निम्म्या किमतीत मिळाली" असं पारावर सांगणाऱ्यानं ती कुणाच्या विहिरीवरनं आली हा प्रश्न विचारला होता का? चोरीचा माल माहीत असून किंवा तशी शंका घेण्यासारखी परिस्थिती असून घेणं हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ३१७ आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायद्याचं सोडा. आज तुम्ही त्याच्याकडनं घेतली, तर उद्या तो तुमच्याच विहिरीवर येईल. जुनी मोटर घ्यायचीच असेल तर ओळखीच्या माणसाकडनं, कागदावर नाव-सही घेऊन आणि रिवाइंडिंगवाल्याकडं मेगर लावून तपासूनच.

भाव कुणाचा पाडायचा

आता माझी चूक सांगतो. तीन वर्षांपूर्वी गावातल्या एका मिस्त्रीची पेटी विकायची होती. मिस्त्री वारलेले, काकी घरी एकट्या. काकींनी तीन हजार सांगितले. मला सवयच, मी पंधराशे म्हटलं. काकी दोन मिनिटं गप्प बसल्या आणि "अठराशे दे" म्हणाल्या. मी खुशीत घेऊन आलो.

घरी येऊन पेटी रिकामी केली. रिंग पान्याचा पूर्ण सेट, गोटी पाना, दोन पुलर, टॅप-डाय, सगळं तेल लावून फडक्यात गुंडाळलेलं. नव्यानं घ्यायला दहा हजार तरी लागले असते. दोन महिने मनात तेच. शेवटी बाराशे रुपये घेऊन गेलो. काकींनी पैसे घेतले आणि म्हणाल्या, "तवाच दिलं असतंस तर बरं झालं असतं बाबा. दवाखान्यात तवा कमी पडलं हुतं."

त्यावर मला काही बोलता आलं नाही, आजही येत नाही.

भंगारवाल्याशी घासाघीस करा, त्याचा तो धंदा आहे आणि तोही आपल्याशी करतो. पण घर मोडताना, दुखण्यात, कर्जात कुणी हत्यारं काढत असेल तर मागेल ती रास्त किंमत द्या, आणि कमी मागत असेल तर आपण होऊन सांगा. आपल्या मालाला व्यापारी अडवून भाव पाडतो तेव्हा आपण किती शिव्या देतो? मग आपण दुसऱ्याच्या दारात व्यापारी होऊ नये.

ठेवायचं कसं

हत्यार घेतलं आणि गोणीत टाकलं, तर लागेल तेव्हा ते सापडत नाही, आणि न सापडणारा पाना नसल्यासारखाच. पेटीसाठीही नवं काही घ्यायला नको. आपल्या सातारा-सांगलीकडं फौजीच्या घरी काळ्या पत्र्याच्या पेट्या असतात, कडी-कोयंडा मजबूत, शंभर वर्षं जाईल असं काम. बंद पडलेल्या किराणा किंवा औषध दुकानाचे खणाचे रॅक मिळाले तर नट-बोल्ट, वायसर, ड्रिपचे जोड यांना त्यासारखी जागा नाही. पोचे आलेलं लोखंडी कपाटही चालतं. तेलाचे पंधरा किलोचे डबे आडवे कापले की फुकटात खण तयार. औषधाचे रिकामे डबे मात्र यासाठी वापरू नका.

पेटी जमिनीवर ठेवू नका, खाली दोन विटा द्या. आणि खताच्या पोत्यांशेजारी तर अजिबात नको. पोटॅश, अमोनियम सल्फेट ओलावा धरतात आणि लोखंड खातात. एका पावसाळ्यात चकचकीत पाने तांबडे झालेले मी स्वतः बघितलेत.

रोज लागणारी दहा हत्यारं फळीवर खिळ्याला टांगा आणि प्रत्येकाच्या मागं खडूनं नाही, रंगानं आकार काढा. जागा रिकामी दिसली की कळतं, पाना कुठंतरी बांधावर राहिलाय. शेजाऱ्याला दिला तर त्या जागी चिठ्ठी लावा. यात कुणाला राग यायचं कारण नाही, पाना विसरला की मैत्रीच बिघडते.

गटांना आणि कृषीवाल्यांना

आपल्या अवजारे बँकेत ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र असतं. वाइस, पुलर, टॅप-डाय, मोठा पाईप पाना यांची एक सामाईक पेटी का नसावी? ही हत्यारं वर्षातनं चार वेळा लागतात, प्रत्येकानं घ्यायची गरज नाही, पण गावात एक तरी पाहिजे. दहा जणांनी पाचपाचशे काढले तर जुन्या बाजारातनं उत्तम पेटी उभी राहते. आणि शेतीशाळा घेणाऱ्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना, कृषी विज्ञान केंद्रातल्या मंडळींना विनंती: औषधाचं प्रमाण सांगता तसं एक दिवस बेअरिंग कसं काढायचं, कात्रीला धार कशी लावायची, पंप कसा धुवायचा हेही शिकवा. वेळेवर न झालेली फवारणी औषध चुकल्याइतकीच महाग पडते.

शेजाऱ्यानं आता पुलर घेतलाय. माझ्याकडचाच मागत होता, मी दिला नाही. भंगारवाल्याकडं नेऊन त्याचा त्याला निवडायला लावला.