डोळ्यातले कुसळ, माळावरचे कुसळ

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष गवताळ माळराने आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. यवतमाळ जिल्ह्याला हा विषय परका नाही. इथल्या मुरमाड, उथळ मातीच्या माळांवर केवळ पावसाच्या भरवशावर तग धरणाऱ्या गवतांत कुसळी गवत ठळक आहे. त्याचे शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, ही म्हण आपण सहज वापरतो. दवाखान्यात मात्र ते कुसळ खरोखरचे असते.

हे गवत ओळखणे सोपे आहे. ते बहुवर्षायू असून झुबक्यांनी, साधारण कमरेएवढे वाढते. पावसाळा सरता सरता तुरे येतात. तुऱ्याचा खालचा भाग हिरवा, खवल्यांसारखा. वरच्या भागातून काळपट-तपकिरी, बोटभर लांब कुसळे निघतात. पिकल्यावर ती एकमेकांत गुंतून वेणीसारखा पीळ तयार होतो. ही वेणी हीच खूण. अ‍ॅरिस्टिडा जातीच्या गवतालाही लोक कुसळच म्हणतात, पण त्याच्या बीला त्रिशूळासारखी तीन टोके असतात.

कुसळाची रचना पाहण्यासारखी आहे. बीचे टोक सुईसारखे अणकुचीदार आणि त्यावरचे राठ केस मागे वळलेले. कुसळ ओले झाले की त्याचा पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो. या फिरण्याने बी स्क्रूसारखी जमिनीत शिरते आणि वणव्यातूनही वाचते. मातीत जे होते तेच कापडात आणि कातडीत होते. मागे वळलेल्या केसांमुळे कुसळ पुढे सरकते, मागे येत नाही. मेंढ्यांच्या लोकरीतून ते कातडीत घुसते. माणसाच्या पायात राहिले तर तिथे पू होतो.

सर्वांत जास्त भीती डोळ्याची. गवत किंवा पिकाचा कण लागून बुबुळावर ओरखडा येतो आणि त्यातून बुरशी आत जाते. आपल्याकडे शेतात राबणाऱ्यांच्या बुबुळावरील बुरशीजन्य जखमांचे हे एक प्रमुख कारण आहे. पहिल्या दिवशी फक्त खुपते. काही दिवसांनी लाली, पाणी, उजेड सहन न होणे आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. दरम्यान औषधाच्या दुकानातून आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असेल, तर लाली कमी होते आणि बुरशी मात्र फोफावते. अशाने दृष्टी कायमची जाऊ शकते.

म्हणून काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. डोळा चोळू नये. जिभेने किंवा पदराच्या टोकाने कण काढू नये. स्वच्छ पाण्याने धुवावा. कण रुतलेला असेल तर न ओढता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. कानात कुसळ गेले तर काडी घालू नये, तेल ओतू नये. २०१७ मध्ये या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा संरक्षक चष्म्याची बरीच चर्चा झाली. तोच चष्मा गवत कापतानाही हवा, आणि तो मजुराला काम देणाऱ्याने द्यायला हवा.

मग हे गवत उपटून टाकावे का? नाही. तुरे येण्याआधी ते गुरांना चालणारा चारा आहे. कुसळे आल्यावर कापले तर चारा निकृष्ट आणि इजा जास्त, म्हणून कापणी लवकर करणे दोघांच्याही हिताचे. शिवाय ते माती धरून ठेवते. दख्खनच्या माळांवर अतिचराई झाली की पवन्यासारखी चांगली गवते हटतात आणि कुसळी वाढते. आणखी ऱ्हास झाला की अ‍ॅरिस्टिडा. आम्ही तापाचा तक्ता वाचतो तसा माळ वाचता येतो. असा माळ सरकारी दप्तरी 'पडीक' ठरतो आणि तिथे झाडांचे खड्डे खणले जातात. खरा उपाय अनेकदा काही वर्षे चराईबंदी हा असतो.

हल्ली शहरांत बागांसाठी, दुभाजकांसाठी कमी पाण्यावर जगणारी शोभेची गवते लावली जातात. त्यांतले मेक्सिकन फेदर ग्रास ऑस्ट्रेलियात घातक तण ठरले आहे. फाउंटन ग्रास युरोपीय संघाच्या उपद्रवी वनस्पतींच्या यादीत आहे. आपल्या मातीतली गवते असताना ही जोखीम कशाला? कुसळी लावायचीच असेल तर पहिल्या पावसाला झुबके विभागून लावावेत. ताजे बी काही महिने सुप्तावस्थेत असते, म्हणून मागच्या हंगामाचे बी पेरावे. शाळा, अंगणवाडी आणि खेळाच्या मैदानाजवळ मात्र ते नको, आणि इतरत्रही कुसळे काळी पडण्याआधी तुरे छाटलेच पाहिजेत.