संजीवक ओल आणत नाही



परवा तालुक्याला युरिया आणायला गेलो होतो. माझ्यापुढं एक तरणा पोरगा उभा. जोंधळ्याला ओल कमी पडतीय म्हणाला. दुकानदारानं लगेच कपाटातली बाटली काढली. "दादा, हे संजीवक मारा. पंधरा दिवस पाण्यावाचून पीक निघतंय." पोरानं साडेसातशे मोजले. मी शेजारी उभा राहून गप्प बसलो, ते चुकलं. म्हणून लिहितोय.

हीच चूक मी २०२३ ला केलीय. परतीच्या पावसानं दगा दिला होता, पुढं उन्हाळ्यात उजनी उणे गेली ते वर्ष. दोन एकर मालदांडी पोटरीच्या आधीच माना टाकायला लागली. एका एकरात असंच औषध मारलं, दुसऱ्याला पैसे नव्हते म्हणून राहिलं. आठ दिवस फवारलेला एकर हिरवागार. शेजारी बांधावरून फोटो काढून गेले. राशीला बघितलं तर त्याच एकरात कडबा उंच आणि दाणा बारीक. एका रानावरून सिद्धांत मांडत नाही मी. पण बाटलीमागं घटक वाचायला गेलो तर नुसतं "नैसर्गिक अर्क".

आता पीक माना का टाकतं? मुळाला ओल लागेना झाली की झाड स्वतःच एक संजीवक तयार करतं, अॅब्सिसिक आम्ल. ते पानात पोचलं की पानाची छिद्रं मिटतात, बाष्प कमी उडतं. पान गुंडाळतं, वाढ थांबते. दुपारी माना टाकलेला जोंधळा मरत नसतो, आहे ती ओल पुरवून खात असतो. जिबरेलिक आम्ल, म्हणजे आपलं जीए, कांडी लांबवतं, वाढ पळवतं. कोरड्या रानात ते मारणं म्हणजे उपाशी बैलाला पराणी टोचणं. आणि बिनघटकाच्या बाटलीत नेमकं काय आहे हे विकणाऱ्याला तरी कुठं ठाऊक असतं?

पंढरपूरकडचे द्राक्षवाले म्हणतील, आमची बाग तर संजीवकावरच उभी आहे. बरोबर आहे. जीएशिवाय मणी फुगत नाही, खरड छाटणीनंतर सीसीसीनं शेंडा आवरतो. सीसीसी झाडात जिबरेलिन तयारच होऊ देत नाही, म्हणून वाढ आखडते, ते ताणात थोडं कामाला येईलही. पण तिथं पानं मोजून, मात्रा मोजून फवारतात आणि हाताशी पाणी असतं. एवढं करूनही २०१० ला ह्याच सीसीसीचे अंश सापडले म्हणून आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. जाणत्यांची ही गत, तर दुकानदाराच्या तोंडी मात्रेवर जोंधळेवाल्यानं काय भरवसा ठेवायचा?

कायदाही बघा. संजीवकं १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. २०२१ ला खत नियंत्रण आदेशात जैव उत्तेजकं आली, त्यांच्या व्याख्येतच लिहिलंय की संजीवकं त्यात मोडत नाहीत. म्हणजे बाटली एकतर ह्या दावणीची नाहीतर त्या. दोन्हीकडं नोंद नसेल तर ती बेवारस. केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान २०२५ ला स्वतः बोलले, सुमारे ३० हजार जैव उत्तेजकं तपासणीशिवाय विकली जात होती. तीस हजार! आपल्या गावात किती आली असतील?

हिशोब करू. एकराला फवारणीचं पाणी २०० लिटर धरा. एक मिलिमीटर पाऊस पडला तर एकरात चार हजार लिटर येतं. फवारा म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. उलट कोळपणीनं भेगा बुजल्या आणि पाच मिलिमीटर ओल जरी वाचली, तरी वीस हजार लिटर झालं. दोन मोठे टँकर, तेही मुळाशी. म्हणून तिसऱ्या आठवड्यात फटीचं कोळपं, पाचव्यात पासेचं, आठव्यात दातेरी, ही शिफारस जुनी असली तरी टाकाऊ नाही. पेरणीआधी चौकोनी वाफे पाडले असतील तर सोन्याहून पिवळं. हलक्या रानात मालदांडीचा हट्ट सोडून फुले अनुराधा घ्या. फवारायचंच असलं तर पोटॅशियम नायट्रेट किंवा केओलीन आहे, त्यात काय आहे ते निदान कळतं तरी.

"बैल कुठं राहिलेत कोळपायला?" हे मला माहितीय. माझ्याकडंबी नाहीत. औत भाड्यानं आणावं लागतं आणि ते वेळेवर मिळत नाही. खरी अडचण ही आहे, आणि बाटली तिथंच घुसते. ती दहा मिनिटांत मिळते, वर उधारीवर.

तो पोरगा आमच्याच शिवाराकडचा आहे. बाटली फोडली नसली तर पावती घेऊन परत जाऊ म्हणतो, मी येतो संगं. पावती दिलीय का नाही देव जाणे. तुमच्या घरात अशी बाटली असली तर पुढचं चित्र नको, मागच्या बारीक अक्षरांचा फोटो काढून खाली टाका. कुठल्या कायद्याखाली नोंद आहे ते एकेक बघू.