पायाखालचा पत्रा

मे महिन्यात रत्नागिरीहून परतताना साखरपा मागे टाकून आंबा घाट चढायला लागले आणि टेंपरेचरचा काटा वर सरकू लागला. डिकीत आंब्याच्या तीन पेट्या, शेजारी धाकटी बहीण आणि घाटात थांबायला धड जागा नाही. म्हटलं, वर पोचल्यावर बघू. दोन वळणं गेली आणि काटा आपोआप खाली आला. मी बहिणीला म्हटलंही, "बघ, झाली गार."

कसली गार! रेडिएटरचा रबरी पाईप फुटून सगळं पाणी घाटात सांडलं होतं. ज्या सेन्सरवर तो काटा चालतो, त्याला मोजायला पाणीच उरलं नव्हतं. पुढच्या वळणावर आतून खडखडाट आला आणि 2006 सालची माझी मारुती 800 जागीच बसली. चूक सर्वस्वी माझी. काटा पहिल्यांदा चढला तेव्हाच इंजिन बंद केलं असतं तर एका पाईपावर भागलं असतं.

गाडी ओढून कोल्हापुरात उद्यमनगरात आणली. मिस्त्री माझा जुना विद्यार्थी. त्यानं इंजिन खोललं. हेड वाकलेलं, पिस्टन बोअरमध्ये अडकलेले. ब्लॉक बोअरिंगला द्यायचा, ओव्हरसाइझ पिस्टन-रिंगा, हेडचं फेसिंग, गॅसकेट सेट, मजुरी धरून 38 हजार. मारुती 800 कंपनीनं जानेवारी 2014 मध्ये बंद केली, पण हे 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन त्याच जातीचं ओम्नीत आणि आल्टोतही होतं. त्यामुळे सामानाची अडचण नव्हती. भंगारातलं इंजिन निम्म्या पैशांत मिळत होतं. पण इंजिनाचा नंबर आरसी बुकावर असतो. दुसरं इंजिन बसवलं की त्याची आरटीओत नोंद हवी, आणि नोंदीला त्या इंजिनाचे कागद हवेत. भंगाराच्या दुकानात कागद मागितले की माणसं आपल्याकडे दयेनं बघतात.

मग सल्ले सुरू झाले. मेव्हण्यांचा हिशेब सगळ्यांना पटला, "गाडी विकली तर 30 हजार येतील, तिच्यावर 38 हजार घालायचे?" मी 31 वर्षं गणित शिकवलं. उत्तर बरोबर आणि मांडणी चूक, अशा वह्या मी पुष्कळ तपासल्या आहेत. गाडी मला विकायची नव्हती, मग तिचा बाजारभाव या गणितात आला कुठून? मला चार वर्षं फिरायचं होतं. 38 हजार भागिले चार, म्हणजे वर्षाला साडेनऊ हजार. त्याऐवजी दीड लाखाची सेकंडहँड घेतली असती तर तिचं इंजिन मागच्या मालकानं कसं वापरलं, हे मला कोण सांगणार होतं? कमीत कमी या गाडीची सगळी पापं मला ठाऊक होती. मी मिस्त्रीला सांगून टाकलं, कर काम.

तो गप्प. मग त्यानं ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं, त्याखालचा कुजका कार्पेट बाजूला केला आणि हातातला स्क्रूड्रायव्हर खाली टेकवला. दाबला नाही, नुसता टेकवला. तो आरपार गेला. भोकातून मला गॅरेजची फरशी दिसली.

गगनबावड्याच्या रस्त्यावरच्या शाळेत मी नऊ पावसाळे याच गाडीनं गेले. ओल्या चपलांचं पाणी कार्पेट पीत राहिला आणि पत्रा त्याच्याखाली कुजत राहिला. दर सहा महिन्यांनी मी ऑईल बदलत होते. मॅट उचलून एकदाही बघितलं नव्हतं.

"बाई, इंजिन मी उभं करतो, दोन वर्षं बघायला नको. पण सीटचा नट ज्या पत्र्यात बसतो, तो पत्रा कुठनं आणू?"

जुलैत गाडीला 20 वर्षं पुरी होऊन नोंदणीचं नूतनीकरण यायचं होतं. 20 वर्षांपुढच्या मोटारीला त्याचं शुल्क ऑगस्ट 2025 पासून 10 हजार रुपये आहे, आणि तपासणीला येणारा निरीक्षकही हाच पत्रा बघणार. तेवढ्यावर माझं गणित फिरलं.

पुण्याहून मुलगा म्हणाला, "राहू दे आई, दिवाळीला आलो की बघू." ती दिवाळी मला माहीत आहे. आमच्या गल्लीत कव्हराखाली तीन गाड्या तिची वाट बघताहेत. एकीचे टायर जमिनीला चिकटलेत. दुसरीच्या कव्हरवरच्या डबक्यात दर पावसाळ्यात डास होतात आणि गल्लीतून घंटागाडी वळत नाही. गाडी दुरुस्त करा, विका, मोडीत काढा. रस्ता अडवून श्राद्ध कसलं घालताय?

एक भंगारवाला संध्याकाळपर्यंत 17 हजार रोख द्यायला तयार होता. "कागद ऱ्हाऊ दे बाई." का राहू दे? नोंदणी रद्द झाली नाही तर आरटीओच्या दप्तरी मालक मीच. उद्या माझी नंबरप्लेट कुठल्या चोरीच्या गाडीवर बसली, तर पोलीस माझ्या दारात येणार. 2021 च्या नियमांनुसार नोंदणीकृत केंद्रात गाडी दिली की सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं आणि त्यावर नोंदणी रद्द होते. मी तिथेच दिली. ट्रकचं भाडं वजा जाता हाती 11 हजार आले.

माझी तक्रार त्या भाड्याबद्दल आहे. चालती गाडी मोडीत काढणारा ती चालवत नेतो. इंजिन गेलेल्याला आधी ट्रक शोधावा लागतो, म्हणून तो कागद सोडून रोख घेतो. लायसन्ससाठी मोटार वाहन विभागाची तालुक्यांत शिबिरं भरतात. तीन महिन्यांतून एकदा त्याच मैदानात भंगार केंद्राचा ट्रक उभा करावा आणि बंद गाड्यांचे कागद जागेवर करून द्यावेत. पहिल्या शिबिराची तारीख कळवा. आमच्या गल्लीतल्या तिघांना मी स्वतः घेऊन येते.