एंट्री एकदाच!

युरोपात जाऊन आलेला प्रत्येक मराठी माणूस एक वाक्य हमखास ऐकवतो. "अहो, बॉर्डर कधी गेली कळतच नाही! मोबाइलवर वेलकमचा मेसेज येतो तेव्हा समजतं की देश बदलला." मीही ऐकवलंय. प्रोजेक्टच्या निमित्ताने तिकडे राहायला होतो तेव्हा बाबांना फोनवर निदान दहा वेळा तरी. आज ते वाक्य मी जाहीरपणे मागे घेतोय.

मे २०२४ मध्ये आई-बाबा माझ्याकडे आले. दोघांची पहिलीच परदेशवारी. बाबा एस.टी.त कंडक्टर होते, सातारा डेपो. व्हिसासाठी काय काय दिलं म्हणता? एफडीच्या पावत्या, घराचे कागद, माझं निमंत्रणपत्र, माझ्या पगाराच्या स्लिपा, ३० हजार युरोचा विमा, माणशी ८० युरो फी, शिवाय दहाही बोटांचे ठसे. (ही फी जून २०२४ पासून ९० युरो झाली. व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही.) अर्जात "किती वेळा प्रवेश हवा" असा रकाना असतो, त्यात आम्ही "अनेक" वर खूण केली होती. व्हिसा आला. स्टिकरवर लिहिलं होतं: ०१. कोणत्या देशाने दिला ते लिहीत नाही, त्याच्या शेजाऱ्यानेही बहुतेक हेच केलं असतं.

मला तेव्हा त्या ०१ चं काहीच वाटलं नाही. एकदाच यायचंय, एकदाच जायचंय, अडचण काय? पण युरोपचा नकाशा जरा नीट बघा म्हणजे अडचण दिसेल. आपल्याकडे पुण्याहून निघून दिवसभर गाडी हाणली तरी फार तर राज्य बदलतं. तिकडे स्लोव्हेनिया नावाचा अख्खा देश दोन-तीन तासांत आडवा पार होतो. त्यात कोण शेंगेनमध्ये आणि कोण बाहेर, याची सरमिसळ. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून आत. त्याला खेटून असलेले बोस्निया आणि मॉंटेनेग्रो बाहेर. आणि शेंगेनच्या बाहेर पाऊल टाकलं की तुमची ती एकुलती एक एंट्री संपली. व्हिसाची तारीख उरलेली असो, विमा उरलेला असो, परतीचं विमान आतल्या विमानतळावरून असो. संपली म्हणजे संपली.

आम्ही गाडीने दुब्रोव्हनिकला निघालो होतो. क्रोएशियाचा किनारा दक्षिणेकडे चिंचोळा होत जातो आणि मधेच न्यूम नावाच्या गावापाशी चक्क तुटतो. तिथे बोस्निया समुद्रापर्यंत आलाय. १६९९ च्या तहात दुब्रोव्हनिकच्या प्रजासत्ताकाने व्हेनिसवाल्यांच्या भीतीने ही पट्टी तुर्कांना देऊन टाकली, मधे भिंत असावी म्हणून. (१६९९! आपल्याकडे तेव्हा राजाराम महाराज हयात होते.) रस्त्याने जेमतेम ९-१० किलोमीटर. पण त्या तेवढ्यासाठी क्रोएशियातून क्रोएशियात जाणाऱ्या माणसाला दोन वेळा पासपोर्ट काढावा लागायचा. युरोपीय लोकांना या गोष्टीचा इतका वैताग आला की युनियनने ३५.७ कोटी युरो घातले आणि समुद्रावरून पेल्येशाचचा पूल बांधून घेतला. जुलै २०२२ मध्ये तो सुरू झाला. सुंदर पूल आहे, अडीच किलोमीटरला थोडा कमी.

आता माझ्या गाडीतला नॅव्हिगेटर. त्याला पूलही माहीत होता आणि न्यूमचा रस्ताही, पण मागच्या सीटवर ०१ बसलाय हे माहीत नव्हतं. त्याने न्यूमचा रस्ता धरला. मी निमूटपणे चाललो होतो. कोमार्नाला पुलाकडे वळायचा फाटा आला आणि बायको ओरडली, "अरे, आई-बाबांची एकच एंट्री आहे ना?" मी वळलो. वळलो नसतो तर पुढच्या नाक्यावर क्रोएशियाने बाहेर पडल्याचा शिक्का मारला असता आणि मग परत आत यायला कागदोपत्री व्हिसाच उरला नसता. बोस्नियाही तेव्हा बहुप्रवेशी शेंगेन व्हिसा असेल तरच भारतीयांना आत घेत होता. म्हणजे दोन नाक्यांच्या मधे सत्तरीला टेकलेली दोन माणसं, चिवड्याच्या पिशवीसकट. कदाचित एखाद्या भल्या अधिकाऱ्याने समजून घेतलंही असतं. पण भला अधिकारी भेटेल या आशेवर आईबापांना कुणी सीमा ओलांडायला लावतं का?

आता तुम्ही म्हणाल, नियम आहे बाबा, वाचून जायचं. बरोबर. चूक माझी, मान्य. पण नियम कशासाठी आहे हे विचारायची मुभा आहे की नाही? ज्या माणसाचे ठसे, बँकेचे कागद, परतीचं तिकीट सगळं तुम्ही आधीच तपासलंय, तो दुपारी मोस्तारचा पूल बघून संध्याकाळी परत आला तर नेमका कोणता धोका वाढतो? परत येताना पुन्हा तपासणी होणारच आहे. दिवसही मोजले जाणारच आहेत, कोणत्याही १८० दिवसांत ९०, येण्याचा आणि जाण्याचा दिवस धरून. त्यासाठीच तर ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांच्या जागी चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदवणारी यंत्रणा आणली. दिवसांची मर्यादा मला समजते, पण एंट्रीची मर्यादा हा निव्वळ जुना कोड आहे. कुणी कधी लिहिला आठवत नाही, कशासाठी लिहिला माहीत नाही, आणि काढून टाकायची कुणाची हिंमत नाही.

बरं, हे त्यांनाही पटलंय. एप्रिल २०२४ मध्ये युरोपियन कमिशनने भारतीयांसाठी खास नियम आणला: तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. चांगलंच केलं. पण याचा फायदा कुणाला? वर्षाला दोनदा कॉन्फरन्सला जाणाऱ्या माझ्यासारख्यांना. आयुष्यात एकदा मुलाकडे येणाऱ्या कंडक्टरला नाही. त्याने आधी दोनदा यावं, म्हणजे मग तिसऱ्यांदा त्याच्यावर विश्वास ठेवू.

असो. हे झालं बाहेरच्या सीमांचं. आतल्या सीमांवर तर काही नसतंच ना?

शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं एक खेडं. १४ जून १९८५ ला पाच देशांनी तिथे नदीतल्या बोटीवर करारावर सह्या केल्या. पूल ओलांडला की जर्मनी. त्याच जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून लक्झेंबर्गच्या सीमेवरही तपासणी सुरू केली. ज्या देशात दोन लाखांवर माणसं रोज सीमा ओलांडून कामाला येतात, त्या देशाच्या वेशीवर! क्रोएशियाची गोष्ट याहून भारी. २०२३ च्या १ जानेवारीला स्लोव्हेनियाबरोबरच्या सीमेवरचे अडसर वाजतगाजत काढले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला स्लोव्हेनियाने तपासणी परत आणली, कारण त्याच दिवशी इटलीने स्लोव्हेनियाच्या सीमेवर आणली होती. दहा महिनेसुद्धा टिकलं नाही. "तात्पुरती" म्हणाले. मग मुदतवाढ, मग पुन्हा मुदतवाढ.

तात्पुरती म्हणजे काय ते आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा. शुक्रवारी रात्री "सोमवारी नीट करू" म्हणून टाकलेला पॅच पाच वर्षांनी अजून तिथेच असतो. ऑस्ट्रियाने स्लोव्हेनियाच्या सीमेवर सप्टेंबर २०१५ मध्ये तपासणी लावली आणि दर सहा महिन्यांनी वाढवत नेली. २०१९ मध्ये श्पीलफेल्डच्या नाक्यावर एका गृहस्थाने पासपोर्ट दाखवायला नकार दिला आणि ३६ युरोचा दंड झाला. पठ्ठ्या ३६ युरोसाठी कोर्टात गेला! २६ एप्रिल २०२२ ला युरोपियन कोर्टाने निकाल दिला: नवा धोका दाखवता येत नसेल तर सहा महिन्यांच्या पुढे अशी तपासणी ठेवता येणार नाही. तपासणी थांबली? छे. २०२४ मध्ये कायदाच बदलला. आता दोन वर्षं चालेल, अगदीच गरज पडली तर आणखी एक. टेस्ट फेल होतेय ना, मग टेस्टच बदला. आमच्याकडे असं करणाऱ्या पोराला रिव्ह्यूमध्ये सोलून काढतात.

आणि ही तपासणी होते कशी? आमच्या परतीच्या वाटेवर अशाच एका आतल्या सीमेवर (नाव मुद्दाम घेत नाही, मुद्दा त्या दोन पोलिसांचा नाही) गाड्या हळू चालवत नेत होते. पोलीस खिडकीतून आत डोकावायचा आणि हात हलवायचा, जा. आमच्या पुढच्या नऊ गाड्या तशा गेल्या, आई मोजत होती. दहावी आमची. आत डोकावला, हात हलला, पण बाजूला घ्या म्हणून. चौघांचे पासपोर्ट, माझं रेसिडेन्स कार्ड, डिकी उघडा. बाबांचा पासपोर्ट बॅगेच्या तळाशी होता, त्यामुळे रस्त्याच्या कडेला आईच्या साड्या आणि लाडवांचा डबा निघाला. उद्धटपणा काही नाही, उलट "थँक यू सर" म्हणाले. पंधरा मिनिटांत मोकळे. युरोपीय कोर्टाला जे चालत नाही ते माझ्या बापाने निमूटपणे करून घेतलं, कारण ०१ वाल्याने नकार देऊन बघायचा नसतो.

"त्यांचा देश, त्यांचे नियम, तुम्हाला कुणी बोलावलं होतं?" हे म्हणणारे बहुतेक आपलेच असतात. आपलीही व्हिसा खाती काही संतांची मंदिरं नाहीत, हे मला ठाऊक आहे. सीमा असू नयेत असं मी म्हणतच नाहीये. तपासायचं असेल तर खुशाल तपासा, पण मग "सीमारहित युरोप" हे ब्रोशरवर छापू नका. किंवा खाली तारा टाकून बारीक अक्षरात लिहा, कुणासाठी ते. आणि ज्याची तपासणी घरातून निघण्याआधीच झालीय, त्याच्या स्टिकरवर ०१ छापणं बंद करा. एवढी एक ओळ बदलायला ३५.७ कोटी युरो लागत नाहीत.

गाडी सुटल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बाबा म्हणाले, "गाडीत चढलेल्या प्रत्येकाला तिकीट मागायचो आम्ही. तोंड बघून नाही." आणि पासपोर्ट त्यांनी कमरेच्या कापडी पाकिटात घातला. पुढचे अकरा दिवस, रात्री झोपतानासुद्धा, तो तिथून निघाला नाही.

मोस्तार राहिलंच. दुब्रोव्हनिकच्या एका दुकानात त्या पुलाचं फ्रिजवर लावायचं मॅग्नेट मिळालं, चार युरोला. सातारच्या फ्रिजवर आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला आई ते दाखवते आणि "इथे नाही गेलो" असंही सांगते.