विश्लेषण : गेममध्ये राजा आणताना ‘एरर’ का येते? ती पुसायची की वाचायची?

परळजवळ सापडलेला एक शिलालेख मराठीच्या अभ्यासकांना चांगला परिचित आहे. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील अपरादित्य राजाचा हा लेख इ.स. ११८७ मधला. त्यात दानाची नोंद आहे आणि दान मोडणाऱ्याला अस्सल मराठीत शाप आहे. याच काळातला भारत ‘क्रूसेडर किंग्ज ३’ या लोकप्रिय स्ट्रॅटेजी गेममध्ये खेळता येतो. स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीने २०२० मध्ये आणलेल्या या गेममध्ये २०२४ पासून ११७८ हे सुरुवातीचे सालही मिळाले. साहजिकच लालबाग-परळच्या एखाद्या विद्यार्थ्याला आपल्या भागाचा राजा खेळात नीट आणावासा वाटतो. तो फाइल लिहितो, गेम सुरू करतो. आणि राजाऐवजी येते ती चुकांची यादी. इथेच बहुतेक जण हात टेकतात. वास्तविक शिकण्याची सुरुवात इथूनच होते.

मॉड म्हणजे नेमके काय?

मूळ गेमला हात न लावता त्यावर चढवलेली खेळाडूंची भर म्हणजे मॉड. या गेममधील प्रत्येक ऐतिहासिक पात्र म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलमधली एक नोंद असते. आधी ओळख क्रमांक, मग महिरपी कंसात नाव, घराणे, धर्म, संस्कृती, वडिलांचा क्रमांक, जन्म आणि मृत्यूच्या तारखा. पण एवढ्याने राजा गादीवर बसत नाही. कोणत्या तारखेपासून कोणता प्रदेश कोणाकडे, हे वेगळ्या फाइलमध्ये लिहावे लागते. ते राहिले तर पात्र तयार होते, पण राज्य त्याच्या हाती येत नाही.

चूक शोधायची कुठे?

गेमच्या ‘लॉग्ज’ फोल्डरमध्ये ‘एरर डॉट लॉग’ नावाची फाइल असते. चूक कोणत्या फाइलमध्ये, कितव्या ओळीवर, हे बहुतेकदा तिथेच लिहिलेले असते. पण ओळ क्रमांक ही केवळ खूण. चाळीसाव्या ओळीवरचा बंद कंस विसरला तर तक्रार फाइलच्या अगदी शेवटीही येऊ शकते, कारण कंस कुठे मिटायला हवा होता हे यंत्राला कळत नाही. म्हणून यादी वरून खाली वाचावी, पहिली चूक दुरुस्त करावी आणि गेम पुन्हा सुरू करावा. अनेकदा एका कंसासरशी खालच्या पन्नास तक्रारी गायब होतात.

नेहमीच्या चुका कोणत्या?

पहिली, ओळख क्रमांकाची. शिलाहारांत अपरादित्य नावाचे दोन राजे झाले. नाव एक चालते, क्रमांक एक चालत नाही. दुसरी, नात्यांची. वडिलांचा क्रमांक चुकला, की मुलगा भलत्याच घराण्यात जातो. तिसरी, अक्षरांची. फाइल ‘यूटीएफ-८’ पद्धतीने, तीही ‘बॉम’ या खुणेसह जतन केली नाही तर नावांमधली विशेष चिन्हे बिघडतात. घराण्याच्या नावाची नोंद भाषेच्या फाइलमध्ये नसेल तर नावाऐवजी त्याची सांकेतिक खूणच पडद्यावर येते. चौथी, मूळ गेमची अख्खी फाइल उचलून बदलण्याची. गेमची नवी आवृत्ती आली, की अशी जुनी प्रत गोंधळ घालते. आपली भर वेगळ्या नावाच्या छोट्या फाइलमध्ये ठेवणे केव्हाही शहाणपणाचे.

यंत्राला न कळणारी चूक कोणती?

खरा मुद्दा इथे आहे. लॉगमध्ये एकही तक्रार नाही याचा अर्थ व्याकरण बरोबर आहे, इतिहास बरोबर आहे असा नव्हे. शिवाजी महाराजांच्या जन्माचेच उदाहरण घ्या. तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे शाळेत शिकलेले गणित इथे १६२९ देते. पण फाल्गुन येतो तो नव्या इसवी सनात, त्यामुळे ७९ मिळवावे लागतात आणि १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मिळते. शिलालेखातील शक गेमसाठी बदलताना हीच चूक सहज होते. यंत्र ती निमूट स्वीकारते, कारण १६२९ हीदेखील त्याच्या दृष्टीने एक तारीखच.

याहून वाईट म्हणजे चुकीची सारवासारव. वडिलांच्या क्रमांकावर तक्रार येते, म्हणून काही जण ती ओळच काढून टाकतात. लॉग स्वच्छ होतो आणि राजा बिनबापाचा होतो. दुरुस्ती आणि लपवाछपवी यांतला फरक शिकवणारा याहून स्वस्त धडा मिळणार नाही.

‘खेळच तर आहे’ म्हणून सोडावे का?

असे म्हणणाऱ्यांचे अर्धे खरे आहे. मॉड म्हणजे इतिहासाचे पुस्तक नव्हे, आणि खेळात पुढे काय घडेल ते खेळाडूच ठरवतो. पण सुरुवातीचा पट तरी खरा हवा. मध्ययुगीन कोकणशी कित्येक मुलांची पहिली भेट अशा पडद्यावरच होते. शिलाहारांची नावे कितीशा मुलांच्या कानावर पडतात? तिथे चुकलेले नाव मग व्हिडीओत जाते, तिथून समाजमाध्यमांत, आणि पुढे तेच खरे वाटू लागते.

उपाय साधा आहे. या फाइलमध्ये हॅश चिन्हापुढे लिहिलेला मजकूर गेम वाचत नाही. त्या जागेत प्रत्येक पात्राचा आधार लिहावा : कोणता शिलालेख, कोणते पुस्तक, तारीख निश्चित की अंदाजे. वा. वि. मिराशींनी शिलाहारांचे आणि शं. गो. तुळपुळ्यांनी प्राचीन मराठीतले कोरीव लेख अभ्यासकांसाठी एकत्र केले आहेत. अशा पुस्तकांच्या शोधासाठी दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि फोर्टमधली एशियाटिक सोसायटी लोकलच्या अंतरावर आहेत.

जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने शुद्ध छपाईसाठी नाव कमावले, ते मुद्रिते पुन्हा पुन्हा तपासण्याच्या शिस्तीवर. लॉग वाचणे हे त्याच जातीचे काम आहे. घरातला मुलगा वा मुलगी रात्री उशिरा कंस मोजत बसली असेल, तर पालकांनी वेळ वाया जातो म्हणून ओरडण्याआधी एकच प्रश्न विचारावा : ‘ही तारीख कुठून घेतलीस?’ कंसाची चूक यंत्र दाखवील. हा प्रश्न माणसालाच विचारावा लागतो.